पिळाचे पाय, वेताची पाठ: दुसऱ्या चार्ल्सच्या काळातलं इंग्लिश फर्निचर
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

प्रश्न (पुणे): आमच्या इंटिरिअर डिझाइनच्या अभ्यासक्रमात ‘रिस्टोरेशन फर्निचर’ असा धडा आहे. आधी वाटलं, जुनं फर्निचर दुरुस्त करण्याविषयी असेल. शिवाय त्याच काळाला कुठे ‘कॅरोलिअन’, कुठे ‘लेट स्टुअर्ट’, तर दुकानांत ‘जॅकोबियन’ म्हटलेलं दिसतं. नेमकं काय म्हणायचं?

उत्तर: इथे रिस्टोरेशन म्हणजे राजसत्तेची पुनःस्थापना. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंडमध्ये राजाशिवाय राज्यकारभार सुरू झाला. २९ मे १६६० रोजी, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स लंडनमध्ये परतला. फेब्रुवारी १६८५ मध्ये तो वारला. त्याचा भाऊ दुसरा जेम्स १६८८ पर्यंत टिकला. ही पंचवीस-अठ्ठावीस वर्षं म्हणजे रिस्टोरेशनचा काळ. चार्ल्सचं लॅटिन रूप कॅरोलस, म्हणून ‘कॅरोलिअन’. हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘लेट स्टुअर्ट’मध्ये पुढची विल्यम-मेरी आणि राणी अ‍ॅन यांची राजवटही येते, त्यामुळे तो शब्द सैल आहे. ‘जॅकोबियन’ म्हणजे पहिल्या जेम्सचा, १६०३ ते १६२५ चा काळ. दुकानदार हा शब्द प्रत्येक काळपट ओक फर्निचरला लावतात, ते साफ चूक आहे.

फ्रान्समध्येही ‘रेस्टोरासियाँ’ नावाची शैली आहे. ती १८१५ ते १८३० ची, बूर्बाँ घराण्याचे राजे परतल्यानंतरची, फिकट लाकडाची. परीक्षेत या दोघींची गल्लत करू नका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. राजा बदलला त्या दिवशी सुतारांनी हत्यारं बदलली नाहीत. लंडनच्या दरबारी घरांत अक्रोड, लाकडी जडावकाम आणि वेत आले, तेव्हा खेड्यापाड्यांत जुन्या पद्धतीचं जाड ओकचं फर्निचर चालूच होतं, आणि पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. म्हणून या शैलीकडे राजधानीची शैली म्हणूनच पाहावं.

प्रश्न (नागपूर): संग्रहालयातल्या चित्रांत एक उंच पाठीची, नक्षीदार खुर्ची नेहमी दिसते. तिच्यात नेमकं काय काय पाहायचं?

उत्तर: या काळाची एकच वस्तू निवडायची झाली तर तीच निवडावी. आधीच्या प्रजासत्ताकातली खुर्ची बसकी होती: चौकोनी, पाठीला आणि बैठकीला ताणून बसवलेलं चामडं, कडेने पितळी खिळ्यांची रांग, पायांवर साधे कातीव गोळे. तिच्या शेजारी १६८० ची खुर्ची ठेवून पाहा. पाठ जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास जाते, लाकूड अक्रोडाचं असतं, आणि पाठीच्या मधल्या भागातून चक्क पलीकडचं दिसतं, कारण तिथे वेताची जाळी आहे.

आता खालून वर जा. सुरुवातीच्या खुर्च्यांचे पुढचे पाय पिळाचे, जिलेबीच्या पाकाची तार पिळावी तसे. १६८० च्या सुमारास त्यांच्या जागी एस आणि सी या इंग्रजी अक्षरांच्या आकाराची कोरीव वळणं येतात. पुढच्या दोन पायांमध्ये, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक रुंद कोरीव आडपट्टी असते. तिच्यावरची नक्षी पाठीच्या माथ्यावरच्या नक्षीशी जुळते. सगळ्यात आवडती नक्षी म्हणजे दोन गुबगुबीत बाळं मधोमध मुकुट धरून आहेत. राजा परत आला हे घराघरांतल्या खुर्चीवर कोरलेलं होतं. त्या काळच्या बिलांमध्ये या नक्षीचा उल्लेख ‘मुलं आणि मुकुट’ असाच येतो.

मागचे पाय मागे कललेले हवेत. एवढी उंच पाठ सरळ पायांवर उलटली असती. माथ्याची नक्षीदार पट्टी बाजूच्या दोन खांबांच्या मध्ये कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) घालून बसवलेली असते. १६९० च्या दशकात ती खांबांच्या डोक्यावर बसवू लागले. ते दिसायला डौलदार, पण खुर्ची मागे ओढताना माथा धरला की तोच सांधा आधी निखळतो. काळ ओळखायला हा बारकावा फार उपयोगी आहे.

या खुर्च्या देखण्या असल्या तरी बांधणीत नाजूक होत्या. कित्येकींचे पुढचे पाय बैठकीच्या चौकटीत नुसती गोल खुंटी घालून अडकवलेले असत. स्वस्त खुर्च्या अक्रोडाच्या नसून बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाच्या आणि वरून काळ्या रंगवलेल्या. बीच लाकूडकिड्याला फार प्रिय, अक्रोडही त्याला वर्ज्य नाही. म्हणून आज मिळणाऱ्या खुर्च्यांत खालचे पाय, माथा किंवा पुढची पट्टी नंतर बदललेली असणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. चौकटीवर कधी कधी दोन अक्षरांचे ठसे दिसतात. ती बनवणाऱ्या कारागिरांची आद्याक्षरं असतात.

वेताच्या बैठकीवर गादी असायची. ती जाळी उघडी ठेवण्यासाठी नव्हती, गादीला खालून आधार आणि हवा देण्यासाठी होती.

प्रश्न (मडगाव): पिळाचे पाय आणि वेताचं विणकाम इंग्लंडला आपल्याकडून गेलं असं ऐकलं. यात तथ्य किती?

उत्तर: वेताच्या बाबतीत पुष्कळ, पिळाच्या बाबतीत थोडं.

१६६१ च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या, ब्रागांझा घराण्यातली कॅथरिन, दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि हुंड्यात मुंबई बेट आलं. लग्न मे १६६२ मध्ये झालं. मुंबईचा प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. लंडनचे दैनंदिनीकार जॉन ईव्हलिन यांनी जून १६६२ मध्ये नोंदवलं आहे की राणीने पोर्तुगालहून आणलेली ‘इंडियन’ कपाटं इंग्लंडमध्ये पूर्वी कुणी पाहिलीच नव्हती. त्या काळी ‘इंडियन’ या शब्दात चीन-जपानच्या वस्तूही धरत, त्यामुळे ती सगळी गोव्याची होती असं म्हणता येणार नाही. पण गोव्यात पोर्तुगीजांसाठी बनणारी, अनेक खणांची, शिसवी-सागवानात हस्तिदंत बसवलेली कपाटं त्याच समुद्रमार्गाने लिस्बनला जात होती.

वेताची वेल युरोपात उगवत नाही. ती आशियातून जहाजांनी आली आणि १६६४ च्या सुमारास लंडनमध्ये वेताच्या खुर्च्या सुरू झाल्या, असं तिथल्या कारागिरांनीच पुढे आपल्या अर्जात म्हटलं आहे. गाद्यागिरद्यांसाठी लोकरी कापड विकणाऱ्यांना या खुर्च्या बंद करायच्या होत्या. त्यावर कारागिरांचं उत्तर होतं की वेत टिकाऊ, हलका आणि धूळ, किडे, कसर यांपासून मुक्त आहे. कापडी खुर्चीत हे तिन्ही त्रास घर करून राहतात. कोकणातल्या कुठल्याही घराला हे सांगावं लागणार नाही, पण १७ व्या शतकातल्या लंडनला ते नवं होतं. १६६६ च्या आगीत तिथली १३,२०० घरं जळाली होती. नवी घरं भरायला हलकं, झटपट आणि बऱ्यापैकी स्वस्त फर्निचर हवं होतं, तेही वेताच्या पथ्यावर पडलं.

पिळाचं तसं नाही. पिळाचे खांब युरोपात आधीपासून होते. पोर्तुगाल आणि नेदरलंड्स दोन्हीकडच्या फर्निचरवर पिळाचे पाय दिसतात आणि चार्ल्सचा दरबार परागंदा असताना नेदरलंड्समध्ये राहून आला होता. गोव्याच्या कातारींनीही ते कौशल्याने केले, पण उगम गोव्याचा म्हणणं बरोबर नाही.

कापडाचं उदाहरणही सांगून ठेवतो. लंडनचे दुसरे दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स यांनी सप्टेंबर १६६३ मध्ये बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला रंगवलेलं हिंदुस्थानी सुती कापड, छिंट, विकत घेतलं, अशी त्यांच्या दैनंदिनीत नोंद आहे.

प्रश्न (मुंबई): चोर बाजारातून पिळाच्या पायांचं, दोन्ही बाजूंना पानं उघडणारं गोल टेबल घेतलं. दुकानदार ‘तीनशे वर्षांचं, चार्ल्सच्या काळातलं’ म्हणाला. खरं असेल का?

उत्तर: लाकूड सागवान किंवा शिसवी असेल तर नाही. रिस्टोरेशनच्या इंग्लंडमध्ये अशी टेबलं ओक, अक्रोड किंवा फळझाडांच्या लाकडाची होत. सागवानी म्हणजे ते हिंदुस्थानात बनलेलं आणि बहुधा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं. १९ व्या शतकात ही शैली पुन्हा फॅशनमध्ये आली (तेव्हा तिला चुकून ‘एलिझाबेथन’ म्हणत). १९२० च्या दशकात तर काळपट पॉलिश केलेल्या पिळाच्या टेबलांचे सेट कारखान्यांनी भरपूर काढले. त्याच्या नकला मुंबईतही झाल्या.

ओक असेल तर निर्णय घाईने करू नका. टेबल उलटं करा आणि टॉर्च घ्या.

आधी फळीचा व्यास लाकडाच्या रेषांच्या दिशेने मोजा, मग रेषांना काटकोनात. लाकूड शतकानुशतकं आडवं आकसतं, लांबीला जवळपास नाही. ९० सेंटिमीटरच्या खऱ्या जुन्या गोल फळीत पाऊण-एक सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. अगदी काटेकोर गोल फळी संशयास्पद. मग करवतीच्या खुणा पाहा. हातकरवतीच्या खुणा सरळ, पण कमी-जास्त अंतरावर असतात. कमानीसारख्या खुणा म्हणजे गोल यंत्रकरवत, म्हणजे १९ वं शतक.

स्क्रू काढून पाहता आला तर पाहा. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतरचे. त्याआधीचे बोथट, हाताने कानसलेले, वेढे वेडेवाकडे. अर्थात स्क्रू नंतरही घातलेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नये. सांध्यांत लाकडी खुंट्या असाव्यात आणि त्यांची डोकी बोटाला किंचित वर लागावीत, कारण भोवतालचं लाकूड आकसलं आणि खुंटी तेवढी आकसली नाही. खालच्या आडपट्ट्या पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी वरची कड झिजते, आणि ती झीज लोक पाय ठेवतील तिथेच हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपरने केलेलं म्हातारपण.

शेवटी पीळ. हाताने केलेल्या पिळाचे वेढे मोजपट्टीने मोजले तर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. यंत्राचे तंतोतंत सारखे येतात. यातलं एकही लक्षण पुरेसं नाही, चार-पाच जुळली तरच बोलावं. मात्र दुकानदाराची कथा खोटी ठरली तरी सागवानी टेबल वाईट ठरत नाही. ते मुंबईच्या कारागिराचं काम म्हणून ठेवण्याजोगं आहे.

प्रश्न (कोल्हापूर): माझं सुतारकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला जुन्या पद्धतीचे पिळाचे पाय हवेत. सीएनसी (संगणकाने चालणारं कोरीवकामाचं यंत्र) नाही. हाताने कसे करायचे?

उत्तर: साधा लेथ, बारीक दातांची करवत, गोल पटाशी आणि गोल कानस एवढ्यावर होतात. ५० मिलिमीटर जाडीच्या पायाचं उदाहरण घेऊ.

चौरस लाकडावर आधी कुसवांची भोकं पाडून घ्या, मग कातायला लावा. आडपट्ट्या जिथे जोडायच्या तिथले ठोकळे चौरसच ठेवायचे. जुन्या इंग्लिश पायांची ओळख तीच आहे: चौरस ठोकळा, मग पीळ, पुन्हा ठोकळा. भोकं नंतर पाडायला गेलात तर पाय धरायला सपाट जागा मिळत नाही आणि भोक तिरकं जातं. पिळाचा भाग साधा गोल कातून ५० मिलिमीटर व्यासावर आणा. दोन्ही टोकांना अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची कडी सोडा, नाहीतर पीळ ठोकळ्यात घुसल्यासारखा दिसतो.

लेथवरून न काढता लांबीने चार सरळ रेषा मारा, पाव-पाव फेरीवर. एकेरी पिळाचा एक वेढा व्यासाएवढा, म्हणजे ५० मिलिमीटर ठेवा. ३०० मिलिमीटरमध्ये सहा वेढे बसतात. प्रत्येक वेढ्याचे चार भाग करून आडव्या रेषा मारा आणि त्या जाळीतून, एका रेषेवरून पुढच्या रेषेवर एक घर चढत, कागदाची लवचीक पट्टी धरून पीळ आखा. ही रेषा दरीची. शिखराची दुसरी रेषा वेगळ्या रंगात, बरोबर अर्ध्या वेढ्यावर मारा. दोन्ही रेषा एकाच रंगात मारल्या की हमखास शिखरावर करवत पडते.

करवतीच्या पात्यावर १२ मिलिमीटरवर चिकटपट्टी लावा आणि दरीच्या रेषेवरून तेवढंच खोल कापत जा. व्यासाच्या चौथ्या हिश्श्याहून खोल गेलात तर पाय कमजोर होतो. मग पटाशीने दोन्ही बाजूंनी उतार काढा, नेहमी शिखराकडून दरीकडे. दरीतून वर पटाशी चालवली की लाकडाचे रेशे उचकटून कपची निघते, आणि ती शिखरावरूनच निघते, जिथे सगळ्यांची नजर जाते. त्यानंतर गोल कानस, आणि शेवटी पॉलिश पेपरची लांब पट्टी दोन हातांत धरून, चपलेला पॉलिश करतात तशी.

दुहेरी पिळात दोन दऱ्या समोरासमोरच्या रेषांवरून सुरू होतात आणि एक वेढा व्यासाच्या दुप्पट, १०० मिलिमीटर धरावा. त्यातलाच आरपार पोकळ पीळ करायचा असेल तर दरीतून दरीत ड्रिलने भोकं पाडून मधला गाभा काढतात. वजन पेलायच्या पायाला तो देऊ नका. मेणबत्तीच्या स्टँडला शोभतो.

शिसवीत कड टिकते, सागवानातही चालतं. आंब्याचं लाकूड नको, त्याचे रेशे पिळाच्या आडव्या भागात फाटतात.

प्रश्न (नाशिक): अशा खुर्चीची वेताची जाळी फाटली आहे. विणणारे कारागीर आता सहज मिळत नाहीत. घरी करता येईल का?

उत्तर: येईल, पण दोन-तीन दिवसांचा सलग वेळ काढा. ४० बाय ४० सेंटिमीटरची बैठक आणि १२ मिलिमीटरवर भोकं असतील तर सोललेल्या वेताची सुमारे ९० मीटर पट्टी लागते. तुटणं, टोकं, चुका धरून ११० मीटर आणा. जुन्या खुर्च्यांची जाळी पुढच्या काळातल्यापेक्षा मोठ्या घराची होती. तेव्हा भोकं मूळ अंतरावरच राहू द्या, बारीक जाळीच्या मोहात नवी पाडू नका. बीचच्या चौकटीत भोकांची ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी असते. आणखी एक ओळ पाडली की चौकट तिथेच चिरते.

भोकांतला जुना वेत खिळ्याने ठोकून काढा. चौकटीत कीड नाही ना, ते आत्ताच पाहा. ताजा पिवळसर भुसा पडत असेल तर आधी औषधोपचार, मग वेत.

पट्टी कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं भिजवा. तासन्‌तास भिजली तर ती करडी पडते आणि चिवटपणा जातो. चकचकीत बाजू नेहमी वर. पहिला थर मागून पुढे, मधल्या भोकापासून सुरू करा, टोकं लाकडी खुंट्यांनी अडकवा. दुसरा थर डावीकडून उजवीकडे, नुसता वर ठेवायचा. तिसरा पुन्हा मागून पुढे त्याच भोकांतून, पहिल्याच्या किंचित उजवीकडे आणि दुसऱ्याच्या वरून. चौथ्यापासून खरं विणणं: आडवी पट्टी तिसऱ्या थराच्या वरून आणि पहिल्याच्या खालून न्यायची. पाचवा आणि सहावा थर तिरके, एकमेकांच्या उलट दिशेने. सातवं काम म्हणजे कडेने जाड पट्टी घालून भोकं झाकणं.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिले तीन थर सतारीच्या तारेसारखे ताणले तर चौथ्या-पाचव्या थराला सुईसुद्धा जात नाही. सुरुवातीला थोडं सैल ठेवा. ओला वेत सुकताना आपोआप ताणला जातो. दुसरी चूक तिरक्या थरात. पट्टी बरोबर पडली तर ती उभ्या-आडव्या जोड्यांच्या कोपऱ्यात घसरत जाते. उलट पडली तर प्रत्येक छेदाला अडते, आणि काही महिन्यांत तिथेच घासून तुटते. अडायला लागली की लगेच उसवा.

नंतर या बैठकीवर गुडघा टेकवून कुणाला चढू देऊ नका. वेत पसरलेलं वजन पेलतो, एका जागचं नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा. वरची बाजू चकचकीत, तिच्यातून पाणी शिरत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): ‘जपानिंग’ आणि आपलं लाखकाम एकच का?

उत्तर: माल एक, रीत वेगळी. जपान-चीनचं खरं लॅकर तिथल्या एका झाडाच्या चिकापासून होतं आणि ते दमट हवेत कडक होतं. तो चीक युरोपात पोचेपर्यंत टिकत नव्हता. म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून येणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ थर एकावर एक चढवले आणि त्यालाच जपानिंग म्हटलं. १६८८ मध्ये जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी या कामावर सविस्तर पुस्तकच छापलं. काजळीने काळी केलेली जमीन, तिच्यावर डिंक आणि भुकटीच्या लगद्याने उठाव दिलेले डोंगर, पक्षी, मनोरे आणि मग सोनेरी पूड. अशी कपाटं सोनेरी किंवा चंदेरी मुलामा दिलेल्या, भरगच्च कोरीव चौरंगावर ठेवत. शांत काळं कपाट वर आणि खाली फुलांचा, बाळांचा गोंधळ, हा विरोधच या काळाला आवडायचा.

सावंतवाडीच्या गंजिफांवरही लाखेचाच लेप असतो, म्हणून तुम्हाला तिचे गुण-दोष ठाऊक असतील. तेच इथे लागू: स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर लागलं की जपानिंग विरघळतं. गरम कपाने पांढरं वर्तुळ उमटतं. उन्हात भेगा पडतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, बस. चिकाचं खरं लॅकर स्पिरिटला दाद देत नाही, पण हा फरक तपासायला चांगल्या वस्तूवर स्पिरिट लावणं म्हणजे नाडी पाहायला बोट कापणं. नुकसान आधीच झालेल्या, आतल्या कोपऱ्यात, तेही संवर्धनतज्ज्ञाकडून.

प्रश्न (ठाणे): उंच लाकडी पेटीतलं उभं घड्याळ याच काळातलं का?

उत्तर: हो. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्सने लंबकाचं घड्याळ १६५६ मध्ये सिद्ध केलं. लंडनमध्ये फ्रोमँटील या घड्याळजी घराण्याने १६५८ मध्ये त्याची जाहिरात दिली. १६७० च्या सुमारास नव्या पद्धतीचा सुटका-आकडा (इंग्रजीत अँकर एस्केपमेंट; लंबकाच्या प्रत्येक झोक्याला चाकाचा एकेक दात सोडणारा भाग) आला, त्यामुळे लंबक अगदी थोडा झुलूनही काम होऊ लागलं. एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळपास एक मीटर लांब हवा आणि तो थोडाच झुलतो, म्हणून पेटी उंच आणि अरुंद.

प्रश्न (बेळगाव): आमच्याकडे इंग्लंडहून आलेली एक छोटी खणांची पेटी आहे. वर लाकडाच्या गोल चकत्या जडवल्या आहेत. पावसाळ्यानंतर काही चकत्या सुटल्या, काहींना मधून भेग गेली. काय करावं?

उत्तर: या कामाला कालवांवरून ‘ऑयस्टर व्हिनियर’ असं नाव आहे, कारण चकत्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या दिसतात. ऑलिव्ह, अक्रोड किंवा लॅबर्नमच्या बारीक फांद्या आडव्या किंवा तिरक्या कापून साधारण तीन मिलिमीटरच्या चकत्या काढत. सरळ कापली तर गोल, तिरकी कापली तर लांबट. (बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, पण ते झाड वेगळं.)

भेग हा दोष कारागिराचा नाही. फांदीची चकती परिघाच्या दिशेने जास्त आकसते, त्रिज्येच्या दिशेने कमी, म्हणून ती केंद्रापासून कडेकडे फाटते. बारीक भेगा भरू नका. पावसाळ्यात चकती फुगली की भरलेली लांबी (पुट्टी) तिला बाहेर ढकलते. रंगीत मेण चोळलं तरी पुरे.

सुटलेल्या चकत्यांना फेव्हिकॉल लावू नका. मूळ सरस गरम पाण्याने सुटतो, फेव्हिकॉल पुन्हा सोडवता येत नाही आणि पुढची दुरुस्ती अशक्य होते. सरसाचे दाणे दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवा, पातेल्यात पातेलं ठेवून ६० अंशांवर पातळ करा. उकळला तर त्याची पकड जाते. जुना सरस कोमट ओल्या कापडाने पुसा आणि दोन्ही पृष्ठभाग सुकू द्या. चकतीची खालची बाजू म्हणजे लाकडाची उघडी तोंडं, ती सरस पिऊन टाकते. म्हणून आधी एक पातळ हात द्या, तो ओढला गेला की दुसरा. वर मेणकागद, त्यावर गरम केलेला सपाट ठोकळा, मग क्लॅम्प. २४ तास हलवू नका. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. जुलैत फुगलेली चकती चिकटवली तर मार्चमध्ये ती पुन्हा फाटेल.

प्रश्न (कल्याण): मुलाकडे लंडनला जाणार आहोत. हे फर्निचर प्रत्यक्ष कुठे पाहावं?

उत्तर: एकच ठिकाण निवडायचं असेल तर रिचमंडजवळचं हॅम हाउस. लॉडरडेलचे ड्यूक आणि डचेस यांनी १६७० च्या दशकात ते सजवलं आणि त्या वेळचं पुष्कळ सामान त्याच घरात राहिलं आहे. केंटमधल्या नोल या वाड्यात चांदीचं टेबल आणि मेणबत्तीचे उंच स्टँड आहेत. शहरात राहायचं असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ब्रिटिश गॅलरी आणि मध्यमवर्गीय घरं कशी होती ते पाहायला म्युझियम ऑफ द होम. लिंडनच्या मऊ लाकडात ग्रिनलिंग गिबन्सने कोरलेली फुलंफळंही याच काळातली, ती दिसली तर बाजूने पाहा. पाकळीमागे किती पोकळ कोरलं आहे ते समोरून कळत नाही.

हॅम हाउसमध्ये राणी कॅथरिनच्या भेटीसाठी सजवलेल्या दालनातल्या दोन ‘झोपायच्या खुर्च्या’ चुकवू नका. पाठीला दोन्ही बाजूंनी कान आहेत, चौकट कोरीव आणि सोनेरी. खुर्चीच्या हातांच्या जवळ वाकून पाहिलं तर लोखंडी दातेरी पट्टी दिसते. तिच्यावर पाठ हवी तेवढी मागे कलवून अडकवता येते.